पेपर छापून आला, वाचला कोणी?

१९२९ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एक्सपरिमेंटल पॅथॉलॉजी’मध्ये एक शोधनिबंध छापून आला. शीर्षक लांबलचक होते. मराठीत सांगायचे तर, पेनिसिलियम बुरशीची जंतुविरोधी क्रिया, आणि विशेषतः ‘बी. इन्फ्लुएन्झी’ हा जंतू वेगळा काढण्याच्या कामी तिचा उपयोग. लेखक होते लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधले अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलीन हे नाव जगापुढे आले ते या निबंधातून.

आता हे शीर्षक त्या काळच्या एखाद्या सर्जनच्या नजरेने वाचून पाहा. ज्याच्या वॉर्डात जखमा चिघळून माणसे दगावत होती, त्याला यात आपल्या कामाचे काही असेल अशी शंका तरी आली असती का? फ्लेमिंग यांच्या प्रयोगशाळेतली एक रोजची अडचण मात्र या बुरशीने सोडवली होती. घशातल्या स्रावातून हा विशिष्ट जंतू वाढवायला घेतला की बाकीचे जंतू फोफावून त्याला झाकून टाकत. पेनिसिलीन त्या बाकीच्यांना मारते आणि नेमके याला सोडते, म्हणजे हवा तो जंतू आयताच वेगळा होतो. जंतुसंसर्ग झालेल्या जागी लावायला किंवा टोचायलाही हा पदार्थ उपयोगी पडू शकेल, अशी सूचना निबंधात होती. पण ती शेवटच्या सारांशातल्या मुद्द्यांच्या रांगेत, पार तळाकडे.

पुढची दहा वर्षे पेनिसिलीन जवळजवळ पडून राहिले. सगळा दोष शीर्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तो पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती येत नव्हता. हॅरॉल्ड रायस्ट्रिक यांच्यासारख्या निष्णात रसायनशास्त्रज्ञानेही प्रयत्न करून नाद सोडला होता. १९३८ साली ऑक्सफर्डमध्ये अर्न्स्ट चेन जुने निबंध चाळत असताना फ्लेमिंगचा निबंध त्यांच्या हाती लागला. मग हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू झाले, मे १९४० मध्ये उंदरांवरचा प्रयोग यशस्वी झाला आणि १९४५ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. फ्लेमिंगच्या निबंधातले प्रयोग चोख, नोंदी चोख. यातली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, एवढेच त्यांनी वाचकाला ठळकपणे सांगितले नाही.

शोध लागला की खरे काम संपले, लिहिणे ही नंतरची कारकुनी, असा सर्वसाधारण समज आहे. संशोधन करणाऱ्यांपैकीही पुष्कळांचा तो असतो. प्रयोगाला तीन वर्षे आणि लिहायला तीन आठवडे, तेही फेलोशिप संपत आल्यावर, असा हिशेब विद्यापीठांत सर्रास दिसतो. पण जे नीट लिहिले गेले नाही ते दुसऱ्याला तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते विज्ञानाच्या खात्यावर जमा होत नाही. म्हणून शोधनिबंध कसा लिहिला जातो, ही बाब औषध घेणाऱ्या, पेरणी करणाऱ्या, पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे.

या लेखनप्रकाराची सुरुवात मोठी घरगुती होती. मार्च १६६५ मध्ये रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा त्यात छापले जाणारे लेख बहुतांशी पत्रेच असत. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अंतोनी व्हान लेव्हेनहुक याला विद्वानांची लॅटिन येत नव्हती. आपण केलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबात काय वळवळताना दिसले, हे तो आपल्या बोलीत, डचमध्ये लिहून पाठवी. लंडनला त्याचे भाषांतर होई. एखादा जीव किती लहान, हे सांगायला त्याच्याकडे एककेही नव्हती. तो सरळ वाळूच्या कणाशी तुलना करी. साडेतीनशे वर्षांनंतरही त्याची पत्रे वाचताना त्याने काय पाहिले हे डोळ्यांपुढे उभे राहते.

आजचा ठराविक साचा पुष्कळ उशिरा आला. प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे आणि चर्चा ही चार दालने आज विज्ञानाचा प्रत्येक विद्यार्थी गृहीत धरतो. चार नामांकित वैद्यकीय जर्नल्सचे १९३५ ते १९८५ या काळातले अंक तपासणाऱ्या एका अभ्यासात दिसले, की हा साचा १९४० च्या दशकात दिसू लागला, १९७० च्या दशकात सुमारे ८० टक्के निबंधांत स्थिरावला आणि १९८० च्या दशकात मूळ संशोधनासाठी दुसरा साचाच उरला नाही. कारण व्यावहारिक होते. निबंधांची संख्या इतकी वाढली की प्रत्येक निबंध पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणे अशक्य झाले. हवी ती गोष्ट ठराविक जागी सापडली पाहिजे, ही वाचकाची गरज होती.

या साच्याला कडाडून विरोध करणारेही झाले. नोबेल पारितोषिकविजेते जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९६३ साली बीबीसीवरच्या भाषणात सवालच केला, की शोधनिबंध ही फसवणूक तर नाही ना? त्यांचा आक्षेप असा, की संशोधक कोऱ्या मनाने निरीक्षणे गोळा करतो आणि मग त्यातून अनुमान आपोआप वर येते, असा आव निबंध आणतो. प्रत्यक्षात संशोधक आधी अंदाज बांधतो, मग प्रयोग करतो, चुकतो, अंदाज बदलतो. मेडावर यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. तरीही वाचकाच्या बाजूने पाहिले तर साचा उपकारकच ठरतो. कोणत्या प्रयोगात किती महिने वाया गेले, याची कहाणी आत्मचरित्रात शोभते. निबंध वाचणाऱ्याला हवे असते ते एवढेच, की विचारले काय, केले काय, मिळाले काय आणि त्याला अर्थ काय.

हे सगळे जेमतेम एका पानात कसे बसवावे, याचा नमुना २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये आहे. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा तो निबंध पानभराहून थोडाच मोठा आहे. त्यात आकृती एकच, क्रिक यांच्या पत्नी ओडील यांनी काढलेली. एकमेकांभोवती वेटोळे घालणाऱ्या दोन फिती आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. पहिल्याच वाक्यात लेखक सांगून टाकतात, की आम्ही डीएनएची एक रचना सुचवू इच्छितो. ना विषयाचा इतिहास, ना ‘अलीकडच्या काळात या क्षेत्राला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे’ छापाची मंगलाचरणे. लगेच पॉलिंग आणि कोरी यांनी सुचवलेल्या तीन साखळ्यांच्या रचनेचा उल्लेख येतो आणि ती का पटत नाही याची दोन कारणे येतात. मग स्वतःची रचना. पुढे प्रांजळ कबुली, की आतापर्यंत प्रसिद्ध झालेली क्ष-किरण निरीक्षणे ही रचना काटेकोरपणे पारखायला पुरेशी नाहीत. आणि शेवटाकडे ते प्रसिद्ध वाक्य, ज्यात लेखक हळूच सुचवतात की आडव्या पट्ट्यांतल्या ठराविक जोड्यांवरून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असेल याचा अंदाज येतो, आणि ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही. विसाव्या शतकातल्या जीवशास्त्राचा केवढा मोठा दावा, तो एका वाक्यात, आवाज न चढवता केलेला.

हा निबंध लेखनाच्या वर्गांत आदर्श म्हणून वाचून दाखवतात ते योग्यच आहे. पण त्याच पानावर दुसराही धडा आहे. रेणूबद्दल बोलताना इतके नेमके असणारे हे लेखक डीएनएची क्ष-किरण निरीक्षणे करणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिन यांच्याबद्दल मात्र एकदम मोघम होतात. विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निरीक्षणांच्या सर्वसाधारण स्वरूपाची माहिती मिळाल्याने चालना मिळाली, एवढ्यावर आभार उरकले आहेत. फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापांवर आणि छायाचित्रावर हे काम किती उभे होते, ते त्या ओळीवरून कोणालाही कळणार नाही. सोपी, गोळीबंद भाषा सत्य उजळते तशी सोयीस्करपणे झाकूही शकते.

आजचे निबंध या बाबतीत कुठे आहेत? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी २०१७ साली याचा हिशेब मांडला. १८८१ ते २०१५ या काळात १२३ जर्नल्समध्ये आलेल्या ७,०९,५७७ निबंधांचे सारांश, म्हणजे ज्यांना सगळे ॲबस्ट्रॅक्ट म्हणतात ते, त्यांनी वाचनसुलभतेच्या मापांनी तपासले. शब्द किती लांब, वाक्ये किती लांब, रोजच्या वापरातले नसलेले शब्द किती, असली ही मापे. निष्कर्ष सरळ होता. वर्षागणिक वाचणे अवघड होत चालले आहे. विषय गुंतागुंतीचे झाले हे त्यातले एक कारण, पण अवघड होणाऱ्या शब्दांत ‘लक्षणीय’, ‘अधोरेखित’, ‘सर्वंकष’ अशा थाटाच्या, कोणत्याच एका विषयाच्या नसलेल्या शब्दांचाही भरणा होता. वैज्ञानिकांची म्हणून एक वेगळी बोली तयार झाली आहे आणि नवा विद्यार्थी ती जुन्यांकडून उचलतो.

लघुरूपांचे प्रकरण तर हाताबाहेर गेले आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०२० साली दोन कोटी चाळीस लाख शीर्षके आणि एक कोटी ऐंशी लाख सारांश संगणकाकडून तपासून घेतले. अकरा लाखांहून अधिक वेगवेगळी लघुरूपे निघाली. त्यातली जेमतेम २,००० नियमित वापरात होती, आणि ७९ टक्के तर दहा वेळाही वापरली गेली नव्हती. म्हणजे लेखकाने चार शब्द वाचवण्यासाठी एक लघुरूप घडवले, आणि त्याच निबंधाच्या बाहेर ते कोणालाही कळेनासे झाले. डीएनए सगळ्यांना कळते म्हणून आपण कालच बनवलेलेही कळेल, हा भाबडेपणा झाला.

बोजड भाषेची किंमत लेखकाच्याच खिशातून जाते, याचाही पुरावा आहे. गुहांविषयीच्या संशोधनाचा विषय घेऊन दोघा संशोधकांनी २०२१ साली २१,४८६ निबंध तपासले. गुहा हा विषय त्यांनी मुद्दाम निवडला, कारण भूशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ असे सगळेच त्यावर लिहितात. ज्या निबंधांच्या शीर्षकात आणि सारांशात त्या त्या शास्त्राची परिभाषा जास्त होती, त्यांचे दाखले इतरांनी कमी दिले होते.

मग तरीही लोक असे का लिहितात? एक कारण भीती. साधे लिहिले तर काम साधे वाटेल, गाइड म्हणतील यात नवीन काय, रिव्ह्यूअर म्हणतील हे फारच प्राथमिक आहे. दुसरे कारण जागेचे आणि बढतीचे राजकारण. निबंध मोजले जातात, वाचले जात नाहीत, हे कळल्यावर वाचकासाठी कोण लिहील? पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या तेव्हाच्या मान्य यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ जर्नल्सची तपासणी प्रसिद्ध केली. ८८ टक्क्यांहून अधिक जर्नल्स प्राथमिक निकषांनाही उतरली नाहीत. अशा ठिकाणी पैसे भरून छापलेल्या निबंधाला एकही वाचक मिळाला नाही तरी गुण मिळत.

वाचणाऱ्याचाही यात हात आहे. मजकूर कळला नाही तर त्याला वाटते आपलेच डोके चालत नाही, आणि तो गप्प बसतो. एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी २००५ साली याच मनोवृत्तीची चेष्टा केली. संगणकशास्त्रातले भारदस्त शब्द वाटेल तसे जुळवून निरर्थक निबंध तयार करणारा ‘सायजेन’ नावाचा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला. त्यातला एक निबंध एका परिषदेत स्वीकारलाही गेला. गंमत इथे संपायला हवी होती. पण २०१४ साली फ्रान्सच्या सिरिल लाबे यांनी दाखवून दिले, की त्याच प्रोग्रॅममधून निघालेले १२० हून अधिक निबंध स्प्रिंगर आणि आयईईई या बड्या प्रकाशकांच्या संग्रहांत खरे म्हणून बसले होते. ते काढून टाकावे लागले.

भारदस्तपणाचा सर्वांत लाडका अवतार म्हणजे कर्ता गायब करणे. इंग्रजीत जे कर्मणी प्रयोगाने साधते ते मराठीत ‘करण्यात आले’ने साधते. सरकारी परिपत्रक वाचलेल्या प्रत्येकाला हा सूर ओळखीचा आहे. नमुन्यादाखल एक रचलेले वाक्य पाहू:

“प्रस्तुत अभ्यासामध्ये कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या प्रादुर्भावाच्या तीव्रतेवर कामगंध सापळ्यांच्या वापराच्या होणाऱ्या परिणामकारकतेचे मूल्यमापन करण्यात आले.”

यात चूक काही नाही. पण ‘च्या’ची माळ ओवत ओवत वाचक शेवटी पोचतो तेव्हा त्याच्या हाती फक्त ‘मूल्यमापन’ लागते. आता हेच असे:

“कामगंध सापळे लावलेल्या शेतांत गुलाबी बोंडअळीने किडलेली बोंडे कमी निघतात का, हे आम्ही पाहिले.”

दुसऱ्या वाक्यात काय मोजले ते दिसते. किडलेली बोंडे मोजली. पहिल्यात ‘प्रादुर्भावाची तीव्रता’ म्हणजे नेमके काय, अळ्या, पतंग की बोंडे, हे लेखकाला तरी ठरवावे लागले होते का, अशी शंका येते. पुष्कळदा बोजड वाक्याखाली न सुटलेला विचार दडलेला असतो, आणि वाक्य सोपे करायला बसले की तो उघडा पडतो. लिहिताना प्रयोगातली त्रुटी सापडली, असे अनेक संशोधक सांगतात ते यामुळेच.

‘आम्ही’ लिहावे की नाही, यावरून पूर्वी मोठे वाद होत. त्यातून एका मांजराला वैज्ञानिक होण्याचा मान मिळाला. मिशिगन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ साली एकट्याने निबंध लिहिला, पण सवयीने सगळीकडे ‘आम्ही’ वापरले. लेखक एकच असेल तर ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ असा निबंध परत पाठवते, हे सहकाऱ्याने लक्षात आणून दिले. काळ टाइपरायटरचा. सगळे पुन्हा टाइप करण्यापेक्षा हेदरिंग्टन यांनी आपला सयामी बोका चेस्टर याला ‘एफ. डी. सी. विलार्ड’ या नावाने सहलेखक करून टाकले. निबंध छापून आला आणि त्याचे दाखलेही दिले गेले.

वाक्याच्या पातळीवर इंग्रजीत सर्वांत उपयोगी विवेचन केले ते जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वॉन यांनी, १९९० साली ‘अमेरिकन सायंटिस्ट’मध्ये. त्यांनी नियमांऐवजी वाचकाच्या अपेक्षांपासून सुरुवात केली. वाचक वाक्याच्या आरंभी ओळखीची गोष्ट शोधतो आणि शेवटी नवी. क्रियापद कर्त्यापासून फार लांब गेले की त्याची दमछाक होते. मराठीत क्रियापद मुळातच शेवटी येते, त्यामुळे इथे दमछाक लवकर होते आणि वाक्य वेळीच तोडणे जास्त गरजेचे ठरते.

पण सगळा भर वाक्यांवर दिला तर खरी दुखरी जागा राहून जाईल. ती म्हणजे पद्धतीचे दालन. अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर ओपन सायन्स’ने कॅन्सरवरच्या गाजलेल्या ५३ निबंधांतले १९३ प्रयोग पुन्हा करून पाहायचे ठरवले. २०२१ साली अहवाल आला तेव्हा कळले, की निव्वळ निबंध वाचून पुन्हा करता येईल असा त्या १९३ मध्ये एकही प्रयोग नव्हता. प्रत्येक वेळी मूळ लेखकांना पत्र लिहून तपशील विचारावे लागले, आणि जवळपास एक तृतीयांश प्रयोगांच्या बाबतीत लेखकांनी मदत केली नाही किंवा उत्तरच दिले नाही. शेवटी २३ निबंधांतले ५० प्रयोगच पार पडले. शोधनिबंधांतले ‘रात्रभर ठेवले’, ‘खोलीच्या तापमानाला’, ‘प्रमाणित पद्धतीनुसार’ हे शब्द पाककृतीतल्या ‘चवीनुसार मीठ’सारखेच असतात. करणाऱ्याला ठाऊक असते, वाचणाऱ्याला नाही. मे महिन्यातल्या नागपुरातल्या खोलीचे तापमान आणि केंब्रिजमधल्या खोलीचे तापमान यांत एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, जगेल की मरेल एवढा फरक असतो.

आणि अतिसंक्षेपाचे काय होते, याचे उदाहरण तर अंगावर काटा आणणारे आहे. जानेवारी १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. हॉस्पिटलांत दाखल असलेल्या रुग्णांच्या नोंदी पाहून लेखकांनी सांगितले होते, की अफूवर्गीय वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्यांत, नीट नोंद झालेली व्यसनाधीनतेची प्रकरणे फक्त चार. शीर्षकाने मात्र ठामपणे जाहीर केले, की अशा औषधांनी व्यसन क्वचितच लागते. पत्रात खोटे काही नव्हते. हॉस्पिटलात, देखरेखीखाली, याचा उल्लेखही होता. पण औषध किती दिवस दिले, घरी गेल्यावर रुग्णांचे काय झाले, यातले काहीच नव्हते. पुढे २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी या पत्राचे ६०८ दाखले शोधून वाचले. ७२ टक्के ठिकाणी ते व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि सुमारे ८१ टक्के लेखकांनी हे रुग्ण हॉस्पिटलात दाखल होते हे सांगितलेच नव्हते. अमेरिकेत महिनोन्‌महिने घरी घेण्यासाठी अशा गोळ्या लिहून देण्याचे समर्थन करताना हे पत्र पुढे केले गेले. त्या गोळ्यांच्या व्यसनाने तिथे काय हाहाकार माजवला तो आता जगाला माहीत आहे. पत्रलेखकांनी तसा सल्ला कधीच दिला नव्हता. शीर्षकात ‘हॉस्पिटलात दाखल रुग्णांमध्ये’ एवढे शब्द असते तर इतक्या जणांना ते गाळणे इतके सोपे गेले नसते.

म्हणजे आटोपशीर असणे वेगळे आणि अपुरे असणे वेगळे. आटोपशीर कामाची आपल्याकडची दोन उदाहरणे मुद्दाम आठवावीत. दुर्गा भागवतांच्या भगिनी कमला सोहोनी यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असल्याचे दाखवले आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. आज एखाद्या विद्यार्थ्याने चाळीस पाने गाइडपुढे ठेवली तर बाकीची कुठे आहेत, असा प्रश्न येईल.

दुसरे देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, उत्तर ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार, आणि कोणत्याही संख्येपासून निघालात तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचणार. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले आणि १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त छापले. मोठ्या गणितज्ञांनी त्यांना फारसे मोजले नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून त्यांची ओळख करून दिली आणि ६१७४ जगभर गेले. देवळालीच्या पाचवीतल्या पोराला जे पडताळता येते ते न्यूयॉर्कच्या वाचकालाही पडताळता येते. मांडणीचे याहून मोठे यश काय असते?

जे संशोधक चांगले लिहितात त्यांची रीत विचारली तर थोड्याफार फरकाने एकच उत्तर येते. ते आधी तक्ते आणि आलेख पक्के करतात, कारण निबंधाचा कणा तोच. मग पद्धती, कारण ती ताजी असतानाच उतरवायला हवी. प्रस्तावना शेवटी. सारांश आणि शीर्षक त्याहूनही शेवटी, आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ, कारण बहुसंख्य वाचक तिथूनच परत फिरतात. मसुदा झाला की तो स्वतःच्या विषयाबाहेरच्या एखाद्या शहाण्या माणसाला वाचायला देतात आणि तो कुठे अडखळला तेवढेच विचारतात. हल्ली मसुदा गुळगुळीत करून द्यायला कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आहेत. परक्या भाषेत लिहावे लागणाऱ्यांना त्यांचा आधार मोठा आहे. मात्र किडलेली बोंडे मोजली की पतंग मोजले, हे त्या साधनाला ठाऊक नसते.

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा. अकोला, राहुरी, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत दरवर्षी शेकडो प्रबंध लिहिले जातात. कापूस, सोयाबीन, कांदा, आंबा, म्हणजे ज्यावर इथल्या लाखो घरांची चूल पेटते ते विषय. प्रबंध इंग्रजीत असतात, ते असायलाही हरकत नाही. शेतकऱ्यांसाठी शिफारशींच्या पुस्तिका मराठीत निघतात हेही खरे. पण ‘अमुक करावे’ एवढे वाचून शेतकऱ्याचे समाधान का व्हावे? किती शेतांत, कोणत्या जमिनीत, किती हंगाम पाहिले आणि फरक किती पडला, हे त्याला सहसा वाचायला मिळत नाही. वैद्यकातले पुरावे पारखणारी ‘कॉक्रेन’ ही संस्था आपल्या प्रत्येक आढाव्यासोबत सामान्यांसाठी सोप्या भाषेतला सारांश देते. ‘ईलाइफ’ या जर्नलने निवडक निबंधांसोबत तशीच टिपणे छापली आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी प्रत्येक प्रबंधाला एक पान मराठी सारांश सक्तीचा करावा: प्रश्न, पद्धत, आकडे आणि मर्यादा. तोवर ज्या विद्यार्थ्यांचे प्रबंध सध्या बांधणीला जात आहेत, त्यांनी ते एक पान स्वतःहून लिहावे, आणि ज्या शेतात प्रयोग केला त्या शेतकऱ्याला आधी वाचायला द्यावे.